शहाणीचा होकार

पोलीस ठाण्यात तिला सगळे ‘पुढे-काय मॅडम’ म्हणत. तोंडावर नव्हे; तोंडावर नुसतं ‘मॅडम’. पण ती जिन्यावर दिसली की शिपायांच्या खोलीतून कोणीतरी हळूच ‘मग पुढे काय झालं?’ म्हणायचं आणि आत खसखस पिकायची. कारण ती दिवसभर तेवढंच विचारायची. ‘मग पुढे काय झालं?’ आणि ‘त्याबद्दल आणखी सांग.’ या दोन वाक्यांवर माणसाला सरकारी पगार मिळतो हे पाहून निम्मं ठाणं हळहळायचं.

तिचं काम असं की, जिथे काही वाईट घडलं आणि ते पाहणारं किंवा सोसणारं फक्त एक लहान मूल होतं, तिथे त्या मुलाशी बोलायचं. बोलायचं म्हणजे खरं तर ऐकायचं. कॅमेऱ्यासमोर, शक्यतो एकदाच, आणि मुलाच्या तोंडात आपला एकही शब्द न घालता. ‘काकांनी मारलं का?’ असं विचारलं की संपलं. मूल मान डोलावतं आणि मग ती मान मुलाची की विचारणाऱ्याची, हे शेवटपर्यंत कळत नाही. हे काम शिकायला तिने पदवीनंतर वेगळं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यात मुख्यतः गप्प बसायला शिकवलं. तिच्या आईच्या मते एवढ्यासाठी शिकायला जायची गरज नव्हती, लग्न केलं असतं तरी जमलं असतं.

आई तिच्याजवळच राहायची आणि प्रशिक्षणात जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं आई सकाळच्या चहाबरोबर करायची.

“झोप नाही लागली ना तुला?” आईने त्या दिवशीही विचारलं.

“आई, तू मला ‘झोप कशी लागली’ असं विचार ना.”

“ते कशाला विचारू? डोळे दिसतायत की मला. पित्त झालंय ना?”

“नाही.”

“झालंय. आजीला पण असंच व्हायचं.”

आईच्या हाताखाली दिलं असतं, तर एखाद्या मुलाने दुपारपर्यंत तीन गुन्हे, पित्त आणि आजीचं पित्तसुद्धा कबूल केलं असतं.

ती ठाण्यात पोचली तेव्हा मोठे साहेब तिच्याच खोलीच्या दारात उभे होते. साहेब म्हणजे तपास अधिकारी. मनाने चांगला माणूस. फक्त कुठलीही गोष्ट जेवणाच्या सुट्टीच्या आत संपावी अशी त्यांची इच्छा असायची.

“मॅडम, आज तुमचं काम सोपं आहे,” साहेब म्हणाले. “पोरगी तयार आहे. ‘हो’ म्हणालीय. तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर तो ‘हो’ घ्या.”

“कशाला ‘हो’ म्हणालीय?”

“बाईनेच पाडलं म्हणून.”

प्रकरण असं होतं. एका चांगल्या वस्तीतल्या चांगल्या घरात दोन वर्षांच्या मुलाचा हात दंडापासून मोडला होता. आई-वडील दोघं नोकरीवर. घरी आजोबा, सहा वर्षांची बहीण आणि मुलांना सांभाळणारी बाई. मुलं तिला मावशी म्हणत. डॉक्टरांचं म्हणणं होतं की हा हात पडून मोडलेला नाही, तो ओढला गेलाय. म्हणून बाईला ठाण्यात आणून बसवलं. ती म्हणत होती, मी त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते.

“त्या सगळ्या गच्चीवरच असतात,” साहेब म्हणाले. “काही झालं की गच्ची. मी विचारलंय पोरीला. सरळ विचारलं. मावशीच्या हातून पडलं ना बाळ? हो. मावशी रागीट आहे ना? हो. पडलं काय, ओढलं काय, हात तिचाच. संपला विषय.”

“आणि दुसरं काही विचारलंत का? असं, ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल?”

“कशाला?” साहेबांना खरोखरच कळलं नाही.

“दवाखान्यातून बाळाला घरी कधी सोडणार?”

“उद्या सकाळी. म्हणून तर घाई आहे.”

म्हणून तिलाही घाई होती, फक्त उलट्या बाजूने. हात ओढणारी मावशी नसेल, तर उद्या सकाळी पोलीस, डॉक्टर आणि सरकार मिळून त्या बाळाला, प्लास्टर घातलेल्या हातासकट, त्याच माणसाच्या हवाली करणार होते. वर त्याच्या आईबापांना ‘काळजी घ्या’ असं सांगणार होते.

बाहेरच्या बाकावर आजोबा ताठ बसले होते. निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या शेजारी तितकीच ताठ एक मुलगी, पांढरे मोजे, दोन घट्ट वेण्या, हाताची घडी. बाकाला पाठ टेकायची असते हे दोघांपैकी कोणालाच कोणी सांगितलं नसावं.

“ही आमची शहाणी,” आजोबा म्हणाले. “घरात हिला शहाणीच म्हणतात. मोठ्यांना उलट उत्तर म्हणून नाही. आमच्या गल्लीत लोक आपल्या मुलांना हिचं उदाहरण देतात. धाकटा मात्र दांडगोबा. बोलायला लागला तो ‘नाही’पासूनच लागला. जेव म्हटलं, नाही. बस म्हटलं, नाही. आमच्या सूनबाईंचे लाड.” मग ते नातीकडे वळले. “या बाई विचारतील त्याला शहाण्यासारखं ‘हो’ म्हणायचं. काय?”

“हो, आजोबा.”

मॅडमना एकदम पित्त झाल्यासारखं वाटलं. आईचं बरोबर होतं तर.

मुलांशी बोलायची खोली जिन्याच्या शेवटी होती. ती आधी राखाडी होती. मग एका समितीला वाटलं की मुलांना बरं वाटावं, म्हणून चारही भिंतींवर ससे काढले. प्रत्येक ससा माणसाएवढा, आणि चित्रकाराचा हात दातांवर जरा जास्तच चाललेला. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने गुन्हेगार म्हणून सशाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मॅडमनी सशांवर पडदे लावले होते, आणि समितीला दर वेळी सांगावं लागायचं की सशांचा रंग उडू नये म्हणून पडदे लावलेत.

खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा ग्लास आणि कोपऱ्यात कॅमेरा. शेजारच्या खोलीत साहेब पडद्यावर सगळं बघत बसणार. मॅडमच्या कानात छोटं यंत्र, त्यातून साहेबांना एखादी सूचना करता यावी म्हणून. सूचना त्यांनी आजवर एकच केली होती: ‘सरळ विचारा हो.’ यंत्राला आवाज कमी करायचं बारीक चाक होतं. ज्याने ते शोधून काढलं त्याचं मॅडमना फार कौतुक होतं.

“गुड मॉर्निंग मॅडम,” शहाणी शाळेतल्या चालीवर म्हणाली आणि सांगेपर्यंत बसली नाही.

वजनकाटा वापरण्याआधी तो शून्यावर आहे ना, हे बघतात. तसंच मूल आपल्याला ‘चूक’ म्हणू शकतं का, हे मॅडम आधी बघायच्या. त्यासाठी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचं. धडधाकट मूल चटकन सांगतं, तसं नाहीये म्हणून.

“तू दहा वर्षांची आहेस,” मॅडम म्हणाल्या.

“हो.”

“आणि मला मोठी मिशी आहे.”

शहाणीने त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. “हो, मॅडम.”

“आपण आत्ता बोटीत बसलोय.”

शहाणीने टेबलाची कड घट्ट पकडली. “हो.”

कानात साहेब खाकरले. त्यांच्या खटल्यातला भक्कम ‘हो’ आता एका बोटीत, मिशीवाल्या बाईशेजारी बसला होता. त्या मुलीच्या ‘हो’वर एका बाईला ठाण्यात बसवून ठेवलं होतं आणि एका बाळाची घरी जायची तयारी चालली होती.

“ऐक हं,” मॅडम म्हणाल्या. “या खोलीत मी काही चुकीचं बोलले, तर तू मला सांगायचं. चूक म्हणून. मला राग येत नाही.”

शहाणीने दाराकडे पाहिलं.

“बाहेर ऐकू जात नाही,” मॅडम म्हणाल्या. “पलीकडच्या खोलीत साहेब बघतायत, पण आजोबा नाहीत. करून बघू या. या टेबलाला पंख आहेत.”

शहाणीने टेबलाखाली वाकून पाहिलं. मग ओठ हलले, आवाज नाही. मग दुसऱ्या खेपेला, उशीत तोंड घालून बोलावं तसं: “चूक?”

आणि इथे मॅडमकडून ती गोष्ट झाली, जी करू नका म्हणून त्या स्वतः शिकाऊ पोरांना पहिल्या तासाला फळ्यावर लिहून देत. मुलाने हवं ते उत्तर दिलं तरी चेहरा बदलायचा नाही. नुसतं ‘तू नीट विचार करून सांगतेस’ म्हणून पुढे जायचं. पण इतक्या ‘हो’ नंतरची ती पहिली ‘चूक’ ऐकून मॅडमच्या तोंडून निघून गेलं: “शाब्बास.” नुसतं शाब्बास नव्हे. दोन्ही हात वर करून, लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बापाने पहिल्यांदा चहा करून आणल्यावर आईच्या तोंडून निघावं तसं लांबलचक शाब्बास.

शहाणीचा चेहरा उजळला. तिला नवा नियम कळला होता. शहाण्या मुलीला नियम कळायला वेळ लागत नाही.

“तू पहिलीत आहेस, असं मला कळलं.”

“चूक,” शहाणी म्हणाली.

“तू सकाळी आजोबांबरोबर इथे आलीस.”

“चूक.” आता वेण्या हलायला लागल्या.

“तुला एक लहान भाऊ आहे.”

“चूक,” शहाणी म्हणाली, आणि शाब्बास कुठून येतंय ते बघत मान वर करून थांबली.

मॅडमनी हात टेबलाखाली घेतले. कॅमेरा चालू होता. सगळ्याला ‘हो’ म्हणणारी साक्षीदार त्यांनी आपल्या हाताने सगळ्याला ‘चूक’ म्हणणारी करून दाखवली होती, तीही साहेबांच्या डोळ्यांदेखत. ‘मुलीला भाऊच नाही, तर हात कुणाचा मोडला?’ हा कोर्टातला प्रश्न त्यांना इथूनच ऐकू आला. पलीकडच्या खोलीत साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, तीही ऐकू आली. मग कानात आवाज आला: “सरळ विचारा हो मॅडम. मावशीने ओढलं का, हो की नाही, संपवा.”

मॅडमनी चाक फिरवलं. साहेब डासाएवढे झाले, मग तेही राहिले नाहीत.

आता एकच मार्ग होता. जिथे ‘हो’ही बसत नाही आणि ‘चूक’ही बसत नाही, असं काहीतरी विचारायचं. आणि नंतर गप्प बसायचं. ज्या घरात दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करायची रीत, त्या घरात वाढलेल्या बाईला गप्प बसणं किती जड जातं, ते तिलाच माहीत.

“आज तू इथे कशासाठी आलीस, ते सांग.”

“शहाण्यासारखं बोलायला.”

“कशाबद्दल बोलायला?”

शहाणी गोंधळली. “तुम्हाला माहितीय ना.”

“नाही. मी तुमच्या घरी नव्हते. तिथे काय झालं ते मला माहीत नाही.”

“मोठ्या माणसांना माहीत असतं,” शहाणी समजावून सांगावं तसं म्हणाली. “आजोबांना सगळं माहीत असतं. तेच सांगतात. मग आपण हो म्हणायचं.”

“मला माहीत नाही. तू तिथे होतीस. तूच सांग, मला ऐकायचंय.”

आणि मॅडम गप्प बसल्या. खुर्ची करकरली, मग तीही थांबली. शहाणीने एक मोजा वर ओढला. मग दुसरा. पडद्याच्या फटीतून एका सशाचा दात दिसत होता, तो तिने पाहिला. हे मोठं माणूस खरंच काही सांगत नाहीये, हे तिला पटायला जितका वेळ लागायचा तितका लागला. एकदा मॅडमच्या तोंडाशी ‘भावाला लागलं ना?’ इतकं आलं की त्यांनी पाण्याचा घोट घेऊन ते गिळलं.

“बूट,” शहाणी म्हणाली.

“बुटांबद्दल सांग.”

“दांडगोबा बूट घालत नव्हता.”

“मग पुढे काय झालं?”

“आजोबा म्हणाले, घाल. तो म्हणाला, नाई. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तो ‘नाई’ म्हणतो.” ती जराशी हसली आणि लगेच हाताची घडी घातली. “आजोबा म्हणाले, उभा राहा. तो खाली बसला. मुद्दाम. पाय असे पसरून. आजोबा म्हणाले, मोठ्यांनी सांगितलं की उभं राहायचं. आणि उचललं.”

“कसं उचललं, ते सांग.”

शहाणीने हाताची घडी सोडली. उजवा हात उंच धरला आणि टेबलावरची कसलीतरी न दिसणारी जड वस्तू एका हाताने वर खेचली. “असं. एका हाताने. त्याचा हात मागे गेला. कट् वाजलं. माझी पेन्सिल मोडली तेव्हा वाजलं होतं तसं.”

“मग पुढे काय झालं?”

“तो ओरडला. मग मावशी आली, पळत. तिच्या हातात चिमटे होते, कपड्यांचे. ते सगळे पडले. मी गोळा केले.” ती थांबली. “आजोबांनी बाळाला मावशीकडे दिलं. मग आजोबा खुर्चीवर बसले. त्यांना पाणी दिलं मी.”

“त्याबद्दल आणखी सांग.”

“पाणी सांडलं त्यांच्या हातातून. मी पुसलं. मग त्यांनी मला विचारलं, मावशीच्या हातून पडला ना तो? मी हो म्हटलं. मग आईने विचारलं, हो म्हटलं. मग पोलिसकाकांनी विचारलं.” ती मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मघाशी इथेच कुठेतरी शाब्बास मिळालं होतं, आत्ता मिळत नव्हतं. “मी बरोबर सांगितलं ना?”

त्या क्षणी मॅडमना काय काय म्हणावंसं वाटलं याची गणतीच नव्हती. त्यातलं काहीही चाललं नसतं. एक चुकार शाब्बास त्या आधीच उधळून बसल्या होत्या.

“मी तिथे नव्हते,” मॅडम शक्य तितक्या सपाट आवाजात म्हणाल्या. “म्हणून बरोबर की चूक ते मला सांगता येणार नाही. तू आठवून आठवून सांगितलंस, आणि मी सगळं ऐकलं.”

शहाणीने यावर विचार केला. एवढं सांगून शाब्बास नाही, रागावणंही नाही. हे तिच्या घरच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

“अजून काही सांगायचं राहिलंय का?” हा मॅडमचा नेहमीचा शेवटचा प्रश्न. बहुतेक मुलं मान हलवून बाथरूमला जायचंय म्हणतात.

“राहिलंय,” शहाणी म्हणाली. “मी दहाची नाही, सहाची आहे. आणि ही बोट नाहीये. आणि मी आजोबांबरोबरच आले.” तिने मॅडमच्या ओठांकडे पुन्हा नीट पाहून घेतलं. “आणि तुम्हाला मिशी नाही. आणि मला भाऊ आहे. मघाशी चूक म्हटलं ना, ते चूक होतं. मला एक भाऊ आहे.”

मॅडमनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. लाल दिवा चालू होता.

पलीकडच्या खोलीत साहेबांच्या चहावर साय धरली होती. मॅडम आत आल्यावर त्यांनी ती बोटाने बाजूला केली.

“मला पहिल्यापासून शंका होतीच,” ते म्हणाले.

“हो, साहेब,” मॅडम म्हणाल्या. शहाणीकडून त्याही काहीतरी शिकल्या होत्या.

“त्या बाईला सोडायला सांगतो.”

“आणि दवाखाना?”

“करतोय फोन, करतोय.” त्यांनी खरंच केला. आधी मुलांच्या आईला बोलावून घेतलं. मग ठरलं की बाळाला उद्या घरी सोडायचं नाही. चौकशी होईपर्यंत दोन्ही मुलं त्यांच्या आत्याकडे राहतील, आणि तिच्या घरी आजोबांनी जायचं नाही. मावशीला संध्याकाळच्या आत मोकळं केलं. तिची कोणी माफी मागितली नाही. शिपायाने तेवढं दार उघडून धरलं, आणि त्या ठाण्याच्या मानाने तो सोहळाच होता. जाता जाता तिने विचारलं, बाळ जेवतंय ना नीट? तो प्रश्नही चुकीच्या पद्धतीचा होता, पण तिला कोणी टोकलं नाही.

पण हे सगळं नंतर. त्याआधी शहाणी खोलीतून बाहेर आली तेव्हा आजोबा बाकावर तसेच ताठ होते.

“सगळं शहाण्यासारखं सांगितलंस ना?”

“हो, आजोबा,” शहाणी म्हणाली.

आजोबांनी समाधानाने मान डोलावली. त्यांच्या कानाला रोजच्या ‘हो’त आणि या ‘हो’त काही फरक लागला नाही. मग साहेब दारात आले आणि म्हणाले, “मास्तर, जरा आत येता का?” आजोबा उठले. उठताना त्यांनी सवयीने नातीच्या दंडाला धरायला हात पुढे केला. शहाणी बाकावर एक जागा पलीकडे सरकली. आजोबांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो खिशात घातला. ते आत गेले तेव्हा पाठ तितकी ताठ नव्हती, आणि मॅडमनी तिकडे पाहायचं टाळलं.

घरी आई दार उघडूनच उभी होती.

“दमलीस ना? साहेब ओरडले ना? जेवली नाहीस ना?”

“चूक,” मॅडम म्हणाल्या. “चूक. आणि हो, नाही जेवले.”

आईने पान वाढलं, समोर बसली आणि लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. नेहमीसारखं आईला सगळं दिसत असणार, आता पित्ताचं नाव निघणार, म्हणून मॅडम वाट बघत होत्या. पण आज आईला काय झालं कुणास ठाऊक. तिने गालाला हात लावला, जरा पुढे झुकली आणि म्हणाली, “बरं, सांग. काय झालं आज?”

आयुष्यात पहिल्यांदा आईने तिला असा बिनचूक प्रश्न विचारला होता. आणि नेमकं तेच घरी सांगायची कायद्याने बंदी होती.

“शाब्बास, आई,” मॅडम म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.